मालाच्या पूर्वेला ओढा

वकिलीच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात मला मुदतीचा ताप आला आणि पावसाळ्याचे दोन महिने मी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तेरला, घरी, अंथरुणाला खिळून होतो. ताप उतरल्यावर हैदराबादला परत गेलो तेव्हा डोक्यावरचे केस गळाले होते, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता, आणि कॉलेजच्या फळ्यावर परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी लागली होती. तिच्यात माझं नाव दुसरं होतं.

आमच्या कॉलेजात दर शनिवारी लेखी कामाचा तास असे. दावा कसा मांडायचा, त्याला जबाब कसा द्यायचा, अपिलाची कारणं कशी लिहायची, हे तिथं प्रत्यक्ष लिहून दाखवावं लागे. प्रोफेसरांची सही झाली की ते काम पुरं झालं असं धरत, आणि ठरलेली कामं पुरी नसतील तर परीक्षेचा अर्ज पुढं जात नसे. माझे दोन महिन्यांचे शनिवार कोरे होते.

ती निजामी राजवटीची शेवटची काही वर्षं. कोर्ट-कचेरी उर्दूत चाले आणि कायद्याचं शिक्षणही उर्दूतच. आमचं घर मेंढरांचं. तेरणेच्या काठाला थोडी जमीन, बाकी सगळं मेंढरांवर. थोरल्या भावानं माझ्यासाठी शाळा सोडून मेंढरांमागं जाणं पत्करलं होतं. मी वर्ष वाया घालवणं म्हणजे त्याच्या आयुष्यातलं आणखी एक वर्ष मागणं होतं, आणि ते मागायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मी प्रोफेसर साहेबांकडं गेलो. हे आमचे शनिवारचे तास घेत. साठीला आलेले, अंगानं किरकोळ, शेरवानीची सगळी बटणं लावलेली, बोलणं अगदी मोजकं. कॉलेजचे विद्यार्थी मिळून एक कायद्याचं त्रैमासिक काढत, त्याला आम्ही नुसतं 'रिसाला' म्हणायचो. त्याची देखरेखही यांच्याकडंच होती. रिसाल्यात विद्यार्थी एखादा निकाल घेत, त्याची हकिकत थोडक्यात लिहीत आणि तो बरोबर का चूक यावर टिपण देत. हुशार मुलांचं ते काम. मी त्याच्या वाटेला कधी गेलो नव्हतो.

मी बोलायला लागलो तसं त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हायकोर्टाचे फैसले सगळेच वाचतात. जिल्ह्यात काय चालतं ते कुणी लिहीत नाही. तुम्ही जिल्ह्याचे आहात. तिथल्या अदालतीतल्या मिसली वाचून तीन टिपणं आणा. छापण्याजोगी असली, तर तुमची शनिवारची कामं पुरी झाली असं मी लिहून देईन."

मिसल म्हणजे मुकदम्याची सगळी फाईल, दाव्यापासून निकालापर्यंत. त्यांची एकच अट होती, नुसता निकाल वाचून टिपण लिहायचं नाही. पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत मिसल वाचायची. त्यांनी मला सहा आठवडे दिले आणि जिल्हा अदालतीच्या न्यायाधीशांच्या नावे एक चिठ्ठी दिली.

सोलापूरपर्यंत रेल्वेनं आलो आणि तिथून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं. तुळजापूरच्या घाटात मोटार दमली आणि सगळे उतारू खाली उतरून चालायला लागले. मीही निघालो, पण माझं तोंड बघून क्लीनरनं मला हाताला धरून परत आत बसवलं. सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडी धाराशिव असलेल्या त्या गावात माझी ताई दिली होती. तिच्या घरी मी पथारी टाकली.

न्यायाधीशांनी चिठ्ठी वाचून परवानगी दिली आणि मला मिसलखान्यात पाठवलं. अदालतीच्या मागच्या अंगाला ती लांबट खोली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते, आणि बस्त्यांच्या मध्ये वाळवीसाठी खोचलेला कडुलिंबाचा पाला. ती खोली सांभाळणारे गृहस्थ धाराशिवचेच होते, तीन पिढ्या तिथं नोकरीत असलेल्या घरातले. सगळी अदालत त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी परवानगीचा कागद दोनदा वाचला, मग माझे हात उलटसुलट करून पाहिले.

"शाई आणायची न्हाय," ते म्हणाले. "शिसपेन चालंल. कागद खोलीबाहेर जानार न्हाय. आन पान मोडायचं न्हाय, खुणंला सुतळी घालायची."

मी मान हलवली. त्यांनी एक मिसल समोर ठेवली. ती मी उघडली. मला छापील उर्दू येत होती, शाळेतलं वळणदार अक्षर येत होतं. पण हे मुन्शी लोकांचं, कोर्टातल्या कारकुनांचं, घसरतं अक्षर होतं, शिकस्ता म्हणतात त्याला. टिंबं गाळलेली, एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यात अडकलेलं. दिवस संपेपर्यंत मला एक पान लागलं नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कागद बंद करून नुसता बसून राहिलो.

चाचा आपली भाकरी सोडत होते. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. त्यांनी अर्धी मोडून माझ्यापुढं केली आणि माझी अडचण विचारली. मी खरं ते सांगितलं, मला हे वाचता येत नाही म्हणून.

त्यावर ते हसले नाहीत की मला हिणवलं नाही. हात धुऊन आले, माझ्याशेजारी बसले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "अक्षर बघू नको. लिहिणाराचा हात कुठून निघाला आन कुठं गेला ते बघ. घाईत हुता का निवांत हुता ते बघ. मंग शब्द आपोआप निघतोय."

तेव्हापासून रोज सकाळी अदालत सुरू व्हायच्या आधी तास-दीड तास ते मला शिकवायचे. एक ओळ उघडी ठेवायची, बाकीचं पान हातानं झाकायचं. मी वाचायचं, चुकलं तर त्यांनी नुसतं "फिरून" म्हणायचं. त्यांच्या नोकरीत हे काम कुठंच बसत नव्हतं. त्यांना त्यासाठी घरून लवकर निघावं लागे, आणि त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. हे मला नंतर कळलं. दहाव्या दिवशी मी एक अख्खी साक्ष न अडखळता वाचली. त्या दुपारी चाचांनी चहा मागवला.

पहिलं टिपण मी एका घराच्या पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडायचं त्या मुकदम्यावर लिहिलं, दुसरं बांधावरच्या चिंचेच्या झाडावर. दोन्ही टपालानं हैदराबादला पाठवली. परत आली तेव्हा कडेला लाल शाईत बारीक अक्षर होतं. चिंचेच्या टिपणावर प्रोफेसर साहेबांनी लिहिलं होतं की, निकाल तुम्हाला आवडला म्हणून तुम्ही तो बरोबर ठरवला आहे, आवडण्याचं कारण कायद्यात कुठं आहे ते लिहा. मी ते तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसती सही केली. आता एकच टिपण उरलं होतं, आणि हातात दोन आठवडे होते.

प्रोफेसर साहेबांनी सुचवलं होतं की हिब्यावरचा एखादा जिल्ह्यातला मुकदमा मिळाला तर रिसाल्याला हवा आहे. हिबा म्हणजे मुसलमानी कायद्यातलं बक्षीस. त्याला लेख लागत नाही. देणाऱ्यानं साक्षीदारांपुढं दिलं म्हणायचं, घेणाऱ्यानं घेतलं म्हणायचं, आणि ताबा द्यायचा, एवढं झालं की पुरे. चाचांनी शोधून एक मिसल काढून दिली. एका तालुक्याच्या मुन्सिफाच्या, म्हणजे खालच्या न्यायाधीशाच्या, कोर्टातली ती मिसल होती.

हकिकत साधी होती. येरमाळ्यापासून काही कोसांवरच्या एका गावात एक मुसलमान शेतकरी होता. त्याची बहीण विधवा होऊन परत आली. भावाला मूलबाळ नव्हतं. मरायच्या तीन वर्षं आधी त्यानं शेजाऱ्यांना बोलावून सगळ्यांसमक्ष बहिणीला काहीतरी दिलं. काय दिलं, हाच वाद होता. बहीण म्हणत होती की जमिनीचा एक तुकडा दिला. भावाचे चुलतभाऊ म्हणत होते की जमीन नाही, घरातलं सामान दिलं. मुख्य साक्षीदार होता शेजारचा एक म्हातारा शेतकरी. त्याची साक्ष मुन्शीनं उर्दूत उतरवली होती आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, माझ्यासमोर भावानं बहिणीला माल दिला. मुन्सिफ हैदराबादकडचे होते. त्यांनी निकाल दिला की साक्षीदार स्वतःच माल म्हणतो, म्हणजे भांडीकुंडी आणि जनावरं, जमिनीचा त्यात उल्लेख नाही, दावा खारीज.

मला निकाल पटला. साक्षीत जे आहे तेच मुन्सिफांनी धरलं होतं. टिपणाचा अर्धा मसुदाही मी लिहून काढला. पण अट होती शेवटच्या कागदापर्यंत वाचायची, म्हणून साक्षीचं उरलेलं पान वाचायला घेतलं. खाली चार हद्दी दिल्या होत्या. मुन्सिफांनी त्या घराच्या हद्दी समजून सोडून दिल्या होत्या. मी चाचांना ऐकू जाईल असं वाचत होतो, सवयीनं. "मालाच्या पूर्वेला ओढा. पश्चिमेला दगडांची ताल."

वाचून पुढं गेलो आणि थांबलो. परत वाचलं. चाचांनी बस्ता बांधता बांधता मान वर केली.

"काय वाचलंस?"

"मालाच्या पूर्वेला ओढा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि येऊन कागदावर वाकले. मी मेंढरांच्या घरातला. चालायला लागल्यापासून आम्ही माळावरच वाढलो. पडीक, खडकाळ, उंचावरची जमीन, जिथं नांगर चालत नाही आणि जनावरं चरतात, तो माळ. उर्दू लिपीत ळ नाही. माळ लिहा नाहीतर माल लिहा, कागदावर एकच शब्द उमटतो. मुन्शीला मराठी येत नसावी, त्यानं जसं कानावर आलं तसं लिहिलं. आणि मुन्सिफांनी लिहिलं होतं तसं वाचलं. भांडीकुंड्यांच्या पूर्वेला ओढा कसा वाहील, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

चाचा हळूच म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं जमीन सांगितली. यांनी सामान लिहिलं."

मी ते टिपण दोन दिवसांत लिहून हैदराबादला पाठवलं. इतकं चांगलं मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं आणि मला ते माहीत होतं. प्रोफेसर साहेबांचं उत्तर लगेच आलं. टिपण उत्तम आहे, असं पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत प्रश्न होता, या निकालावर अपील झालं आहे का? चालू मुकदम्यावर रिसाला छापत नाही, म्हणून नीट चौकशी करून कळवा.

मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, अपील झालंय म्हणून तर ही मिसल तालुक्याहून इथं आली. तारीख पुढच्या महिन्यात आहे. मला ते ठाऊक असेल असं त्यांनी धरलं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं, खालच्या कोर्टाचा निकाल दिसला तेवढ्यावर खूश होऊन गेलो होतो.

आता खरं लिहायला हवं. माझ्या मनात काय काय आलं ते सांगताना आजही लाज वाटते. हैदराबादेतून धाराशिवच्या मिसली कुणी येऊन बघणार नव्हतं. अपिलाबद्दल समजू शकलं नाही, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर टिपण छापून आलं असतं, माझे शनिवार भरले असते. त्या दिवशी मी ताईच्या ओट्यावर पोस्टकार्ड घेऊन बराच वेळ बसलो. मग लिहिलं, अपील झालं आहे, तारीख लागली आहे. कार्ड लगेच उठून पेटीत टाकलं, परत विचार करायला नको म्हणून.

उरलेला एक आठवडा चौथी मिसल शोधून कसंबसं टिपण लिहायला पुरला असता. पण दुसरीच गोष्ट डोक्यातून जाईना. मी चाचांना विचारलं की ही गोष्ट त्या बाईच्या वकिलांना सांगावी का.

"मिसल म्या तुला शिकायला दाखवली," ते म्हणाले. "वकिलाला मिसल बघायचा हक्क हाय, त्यानं मागितली तर म्या लगीच काढून दीन. तू कुनाला काय सांगतूस ते तुझं तू ठरव. पन आधी शब्द पक्का कर. आपनच चुकलो असलो तर त्या बाईला उगं आशा लावायची न्हाय."

म्हणून मी येरमाळ्याला गेलो. देवीच्या डोंगराखाली मोटारीतून उतरलो आणि तिथून चालत त्या गावाला. ज्वारी हुरड्यात आली होती. गावाच्या वरच्या अंगाला तो माळ लांबूनच दिसला. पश्चिमेला बांधासारखी रचलेली दगडांची ताल, खाली ओढा, मध्ये बोराटीचं कुंपण घातलेला शेळ्यांचा वाडा. ती बाई तिथंच शेळ्यांना पाला टाकत होती. पन्नाशीची, उंच, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. खालच्या शेतात एक म्हातारा हुरडा भाजत होता. तोच तो साक्षीदार.

मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. साक्षीदाराला पढवलं असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून मी कागदात काय लिहिलंय ते आधी बोललो नाही. तिला एवढंच विचारलं, "खाला, भावानं काय दिलं होतं तुम्हाला?"

"ह्यो माळ," ती म्हणाली.

"कोर्टात म्हणतात की सामान दिलं. घरातला माल."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "माल कसला, लेकरा? भावाच्या घरात दोन हंडे आन एक घोंगडं. ते द्यायला कुनी चार मानसं बोलावतं व्हय?"

मग मी म्हाताऱ्याला विचारलं की कोर्टात तुम्ही नेमकं काय बोललात. त्यानं हातातला कणसाचा जुडगा खाली ठेवला. "म्या माळच म्हनलं. दोनदा म्हनलं. तितं बसलेले सायेब मान हलवत हुते. मला वाटलं त्यास्नी समजलं."

मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. तो जन्मात एकदाच कोर्टाची पायरी चढला होता, खरं बोलून आला होता, आणि तरी आपलं काय चुकलं म्हणून वर्षभर झुरत होता. गावातली माणसं त्याला म्हणत होती, तूच उलटं बोललास. बाई मात्र तसं एकदाही बोलली नव्हती. तिनं त्याच्या हातचा हुरडा माझ्या ओंजळीत घातला आणि आजारातून उठलास का म्हणून विचारलं.

तिचे अपिलाचे वकील धाराशिवलाच राहत. वयस्क, कामात बुडालेले. एक विद्यार्थी आपल्याला मुकदमा समजावतोय हे त्यांना सुरुवातीला रुचलं नाही. त्यांनी निकालाची नक्कल तेवढी पाहिली होती, तिच्यात हद्दी नव्हत्याच. पण मी 'मालाच्या पूर्वेला ओढा' एवढं म्हटल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ते मिसलखान्यात आले, मिसल मागून घेतली, उभ्या उभ्याच ते पान वाचलं, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

माझा आठवडा संपला होता. चाचांचा निरोप घेतला. टिपणं दोनच झाली म्हणून ते माझ्याहून जास्त कष्टी झाले. म्हणाले, आणखी आठ दिवस असते तर मी तुला झाडावरचीच आणखी एक मिसल दिली असती.

हैदराबादला गेलो तो तयारीनंच, की यंदा परीक्षा नाही. शनिवारी तासाला प्रोफेसर साहेबांनी मला उभं केलं आणि तिसरं टिपण वाचायला सांगितलं, गावाचं आणि माणसांचं नाव न घेता. मी वाचलं. वर्गात कुणीतरी म्हणालं की अशा मुन्सिफाला जाब विचारायला हवा. प्रोफेसर साहेब म्हणाले, "मुन्सिफांना दोष देऊ नका. त्यांच्यासमोर कागद होता, माळ नव्हता. तुम्हीही उद्या तिथं बसणार आहात."

मग त्यांनी माझ्या शनिवारच्या कामांचा तक्ता मागवला आणि तीन टिपणं मान्य असं लिहून सही केली. रिसाल्याचं काम बघणारा एक विद्यार्थी अदबीनं म्हणाला की तिसरं छापलेलं नाही. त्याचं म्हणणं गैर नव्हतं. त्याची स्वतःची टिपणं छापून यायला दोन वर्षं लागली होती.

"मी छापण्याजोगी म्हटलं होतं," प्रोफेसर साहेब म्हणाले. "छापलेली म्हटलं नव्हतं. हे छापण्याजोगं होतं आणि यांनी ते स्वतःच्या हातानं थांबवलं. मला परीक्षेला याहून चांगला वकील पाठवता येणार नाही."

मी खाली बसलो. शेजारच्यानं काहीतरी विचारलं, मला ते ऐकू आलं नाही.

परीक्षा झाली, पास झालो. त्याच सुमारास चाचांचं पत्र आलं, छापल्यासारख्या स्वच्छ अक्षरात, मला वाचायला सोपं जावं म्हणून. जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी अपील मंजूर करून साक्ष पुन्हा घ्यायला लावली होती, मराठी जाणणारा माणूस शेजारी बसवून. म्हाताऱ्यानं परत तेच सांगितलं. या वेळी तो म्हणे पायाखालची जमीन दाखवून बोलला. माळ बाईच्या नावे झाला. टिपण रिसाल्यात दुसऱ्या वर्षी छापून आलं, तेव्हा मी कॉलेज सोडलं होतं. प्रोफेसर साहेबांनी दोन प्रती पाठवल्या. एक मी तेरला नेली. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ती हातात धरून ठेवली आणि मी मराठीत सांगत गेलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "मंग त्या बाईच्या शेळ्या आता कुठं चरत्यात?"

"तिथंच," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले, आणि पुस्तक भावाच्या हातात दिलं.

मी धाराशिवलाच वकिली सुरू केली. लवकरच दिवस बिघडले आणि मग राजवट गेली. त्या वाईट दिवसांत, मुसलमान घरांवर सूड निघत होता तेव्हा, चाचा, त्यांची बायको आणि सून ताईच्या घरी राहिले. माजघर त्यांना दिलं होतं. त्याबद्दल दोन्ही घरांनी पुढं कधी काही बोलून दाखवलं नाही. नवं राज्य आलं तशी कोर्टाची भाषा बदलली, आणि जुन्या मिसली वाचता येणारी माणसं हळूहळू कमी झाली. मला त्या वाचता येत होत्या. पहिली बरीच वर्षं माझी वकिली त्या एका गोष्टीवर चालली असं म्हटलं तरी चालेल. जमिनीच्या वादात जुना कागद निघाला की पक्षकाराला लोक माझ्याकडं पाठवायचे. चाचा नोकरीतून मोकळे झाले होते. शुक्रवारची नमाज झाली की ते माझ्याकडं येत, मी वाचलेले कागद परत वाचत, आणि कुठं चुकलो असलो तर अजूनही "फिरून" म्हणत.

प्रोफेसर साहेबांची आणि त्यांची गाठ कधी पडली नाही. मी हैदराबादला कामानं जायचो तेव्हा प्रोफेसर साहेबांना भेटायचो आणि चाचांबद्दल सांगायचो. इकडं आलो की चाचांना त्यांच्याबद्दल. काही वर्षांनी असं झालं की दोघंही मला निघताना एकमेकांसाठी सलाम सांगायला लागले. मी तो नेमानं पोचवत असे. शेवटच्या खेपेला चाचांनी अंथरुणातून सलाम सांगितला होता, आणि मी हैदराबादला पोचेपर्यंत त्यांना जाऊन महिना झाला होता. मी आधी सलाम सांगितला, मग ते गेल्याचं. प्रोफेसर साहेब तेव्हा फार थकले होते, उठताना त्यांना काठी लागे. ते काठी न घेता उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि त्यांनी कधीही न पाहिलेल्या त्या माणसासाठी दुआ मागितली. मी शेजारी उभा होतो.